विधानसभेचा भिंतीवरचा तक्ता: मतदारसंघ चोख, आघाड्यांचे रकाने कच्चे

ठाणे स्टेशनाबाहेरच्या आणि वाशीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत महाराष्ट्राच्या पंधराव्या विधानसभेचा एक मोठा रंगीत तक्ता विकायला आहे. वर राज्याचा नकाशा, मध्ये पक्षांच्या रंगांतलं बाकांचं अर्धवर्तुळ, खाली जिल्हावार २८८ नावं आणि उजव्या कडेला विधान परिषदेची अरुंद पट्टी. वर-खाली पट्ट्या लावलेला लॅमिनेटेड तक्ता साडेतीनशे रुपयांना, घडीचा साधा कागदी दीडशेला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, सोसायट्यांची कार्यालयं, पक्षांच्या शाखा, वार्ताहरांची टेबलं अशा ठिकाणी तो जाणार, आणि एकदा भिंतीवर चढला की पाच वर्षं तिथूनच आकडे उतरवले जाणार. म्हणून त्यातलं काय भरवशाचं आहे ते आधीच तपासलेलं बरं. मतदारसंघांची यादी आणि पक्षनिहाय आकडे यांसाठी तक्ता घेण्यासारखा आहे. आघाडीनिहाय बेरजेवर आणि परिषदेच्या पट्टीवर मात्र दुरुस्ती केल्याशिवाय विसंबू नये.

असा कोणताही तक्ता हातात आला की पहिल्यांदा बेरीज करावी. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान आणि २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. त्या दिवशीचं चित्र असं: भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी काँग्रेस ४१, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) १०. ही झाली २७६. उरलेल्या बारा जागा बहुतेक छापील तक्ते ‘इतर’ म्हणून एका राखाडी ठिपक्यात कोंबतात. या तक्त्याने ते केलेलं नाही, आणि एवढ्यासाठीही तो इतरांपेक्षा उजवा ठरतो. समाजवादी पक्ष २ (मानखुर्द-शिवाजीनगर, भिवंडी पूर्व), जनसुराज्य शक्ती २ (शाहूवाडी, हातकणंगले), मग एकेक जागेचे सहा पक्ष: राष्ट्रीय युवा स्वाभिमान (बडनेरा), राष्ट्रीय समाज पक्ष (गंगाखेड), राजर्षी शाहू विकास आघाडी (शिरोळ), एमआयएम (मालेगाव मध्य), माकप (डहाणू), शेकाप (सांगोला). आणि जुन्नर व चंदगडचे दोन अपक्ष. बेरीज बरोबर २८८ येते. परीक्षेत प्रश्न येतो तो याच बारा जागांवर, कारण मोठ्या पक्षांचे आकडे सगळ्यांनाच पाठ असतात.

दुकानांत जुन्या छपाईचे काही तक्ते अजून २८९ जागा दाखवतात. पूर्वी राज्यपाल एक अँग्लो-इंडियन सदस्य नेमू शकत, तो धरून २८९ होत. १०४ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद पुढे चालू ठेवली नाही आणि जानेवारी २०२० पासून ती जागा गेली. तक्त्यावर २८९ दिसलं तर तो परत ठेवावा. या तक्त्यात २८८ आहे आणि राखीव जागाही बरोबर आहेत: अनुसूचित जाती २९, अनुसूचित जमाती २५.

ठाणे जिल्ह्याचा रकाना हा या तक्त्याचा सर्वांत मेहनतीने केलेला भाग वाटतो. मतदारसंघ क्रमांक १३४ ते १५१, एकूण अठरा. भिवंडी ग्रामीण आणि शहापूर जमातीसाठी राखीव, अंबरनाथ जातीसाठी, हे कंसात दिलं आहे. भाजप ९ (भिवंडी पश्चिम, मुरबाड, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, मीरा-भाईंदर, ठाणे, ऐरोली, बेलापूर), शिवसेना ६ (भिवंडी ग्रामीण, कल्याण पश्चिम, अंबरनाथ, कल्याण ग्रामीण, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी), आणि शहापूरला राष्ट्रवादी, मुंब्रा-कळव्याला शरद पवारांची राष्ट्रवादी, भिवंडी पूर्वेला समाजवादी पक्ष असे एकेक. मताधिक्याचा स्वतंत्र रकाना दिलाय, तो फार कामाचा. कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे १,२०,७१७ मतांनी निवडून आले आणि खाडीपलीकडे बेलापूरला मंदा म्हात्रे अवघ्या ३७७ मतांनी. नकाशावर दोन्ही चौकोन सारख्याच ठसठशीत रंगाचे, पण एका जागेचा निकाल एखाद्या सोसायटीतल्या मतदारांनी फिरवला असता. हा फरक रंगांतून कळत नाही, त्याला आकडाच लागतो. राज्यात याहूनही कमी फरक मालेगाव मध्यचा, १६२ मतांचा, तोही छापलेला आहे.

या रकान्यात एक चूक मात्र आहे. कल्याण पूर्वसमोर गणपत गायकवाड यांचं नाव आहे. ते २०१९ चे आमदार. २०२४ ला तिथून सुलभा गायकवाड निवडून आल्या. आडनाव तेच, पक्ष तोच, म्हणून जुन्या यादीवरून नवी यादी जुळवताना ही चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते. जिल्ह्यात २०१९ च्या तुलनेत माणसं बदलली ती तीनच ठिकाणी: कल्याण पूर्व, कल्याण ग्रामीण (मनसेचे राजू पाटील होते, आता शिवसेनेचे राजेश मोरे) आणि मीरा-भाईंदर (अपक्ष गीता जैन होत्या, आता भाजपचे नरेंद्र मेहता). बाकी पंधरा आमदार तेच. तेव्हा ठाण्यापुरता कुठलाही नवा तक्ता तपासायचा तर ही तीन नावं बघितली की तो जुन्यावरून उतरवलाय की नव्याने केलाय ते कळतं. चौथी खूण मुंब्रा-कळव्याची. जितेंद्र आव्हाड तेच आहेत, पण चिन्ह घड्याळाचं तुतारी वाजवणारा माणूस असं झालं आहे.

नवी मुंबईकरांनी नकाशा जरा जपून वाचावा. शहर म्हणून जे नवी मुंबई बोललं जातं ते तीन मतदारसंघांत आणि दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे १५० ऐरोलीत. नेरूळ, सीवूड्स, सीबीडी १५१ बेलापुरात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र १८८ पनवेलमध्ये, म्हणजे रायगड जिल्ह्यात, आणि लोकसभेला मावळमध्ये. तक्त्यात पनवेल रायगडच्या रकान्यात आहे, ते बरोबरच आहे, पण नकाशावर ‘नवी मुंबई’ हे नाव खाडीकडेच्या सगळ्या पट्ट्यावर पसरून लिहिलंय. खारघरचा माणूस त्यामुळे स्वतःला बेलापूरमध्ये शोधतो. ठाण्यातही अशीच गल्लत होते. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर हे सहा येतात. मुंब्रा-कळवा ठाणे महापालिकेत असूनही लोकसभेला कल्याणमध्ये जातो. तक्त्याने लोकसभेच्या सीमा जाड रेषेने दाखवायला हव्या होत्या. जागा होती, केलं नाही.

जुन्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांसाठी एक तळटीप दिली आहे, ती चांगली आहे. २००८ च्या पुनर्रचनेआधी ठाणे जिल्ह्यात १३ जागा होत्या, नंतर २४ झाल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याच्याकडे १२८ ते १३३ असे सहा मतदारसंघ गेले आणि ठाण्यात १८ उरले. ऐरोली, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, मुंब्रा-कळवा ही नावं २००९ च्या निवडणुकीपासूनची. हे माहीत नसलं की ‘ठाणे जिल्ह्यात अमुक पक्षाच्या जागा घटल्या’ असं विधान सहज तोंडून जातं आणि ते चुकीचं असतं.

आता आघाड्यांकडे, कारण तक्त्याचा खरा दोष तिथे आहे. अर्धवर्तुळाखाली मोठ्या अक्षरांत ‘महायुती २३५, महाविकास आघाडी ५०, इतर ३’ असं छापलंय. हे आकडे कुठून आले त्याचा उल्लेख नाही. महायुतीचे तीन मोठे पक्ष (भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी) मिळून २३० होतात. त्यात जनसुराज्यचे दोन आणि बडनेरा, शिरोळ, गंगाखेड असे पाच मिळवले की २३५. दोन अपक्षांचा पाठिंबा धरणारे २३७ म्हणतात. तिन्ही आकडे वर्तमानपत्रांत आले आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती बेरीज धरली ते लिहिलं नाही, तर मात्र आकडा निरुपयोगी ठरतो.

दुसऱ्या बाजूची बेरीज आणखी डळमळीत. महाविकास आघाडीच्या तीन पक्षांचे (ठाकरेंची शिवसेना, काँग्रेस, शरद पवारांची राष्ट्रवादी) ४६, त्यात समाजवादीचे दोन, माकप एक, शेकाप एक असे ५०. पण सांगोल्यात शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले तेव्हा त्यांच्याविरुद्ध शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचाही उमेदवार रिंगणात होता. ज्या पक्षाच्या उमेदवाराला हरवून जागा मिळवली त्याच्याच रंगात ती जागा रंगवणं कितपत योग्य? आणि समाजवादी पक्षाने तर ७ डिसेंबर २०२४ ला, नवे आमदार शपथ घेत होते त्याच दिवशी, आघाडीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ५० हा आकडा दोन आठवडे टिकला. तक्त्याच्या तळाशी छपाईचा महिना डिसेंबर २०२४ असाच आहे.

सभागृहात आघाडी नावाचा घटक मोजलाच जात नाही. गटनेता पक्षाचा, प्रतोद पक्षाचा आणि पक्षादेशही पक्षाचाच. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपात्रतेची टांगती तलवार असते ती ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात त्या पक्षाचा आदेश मोडल्यावर. आघाडीचा आदेश अशी गोष्ट कायद्यात नाही. अपक्ष सरकारला पाठिंबा देऊ शकतो, पण निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर अपात्र ठरू शकतो, म्हणून त्याचा रंग वेगळाच राहिला पाहिजे. एक तृतीयांश आमदारांची फूट चालत असे ती सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली; आता दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचाच आधार उरतो. दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी यांचा सगळा वाद याच तरतुदींभोवती फिरला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार गटाला. या दोन तारखा तक्त्यावर हव्या होत्या. त्या नसल्या की २०१९ ची ५६ जागांची शिवसेना आणि २०२४ ची ५७ जागांची शिवसेना एकाच ओळीत मांडून ‘एक जागा वाढली’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

बहुमताची लाल रेघ १४५ वर काढली आहे. २८८ चं निम्मं १४४ आणि वर एक, हिशेब सरळ आहे. पण विश्वासदर्शक ठरावात उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं बहुमत बघतात. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारने ठराव जिंकला तो १६४ विरुद्ध ९९ असा. म्हणजे मतं पडली २६३, आणि त्या दिवशी १३२ मतंही पुरली असती. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान मतं झाली तरच निर्णायक मत देतात. लाल रेघेखाली एवढी एक ओळ छापली असती तर अभ्यासिकेतल्या मुलांचा मोठा गोंधळ टळला असता.

विरोधी पक्षनेत्याच्या चौकटीत ‘किमान २९ सदस्य आवश्यक’ असं ठामपणे लिहिलंय. एक दशांशाचा तो संकेत आहे, २८८ चा दहावा भाग २८.८ म्हणून २९. राज्यातला विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा मात्र सर्वाधिक संख्या असलेल्या विरोधी पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता असं म्हणतो. २०२४ च्या निकालात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे २० जागा होत्या, त्यामुळे वाद अटळ होता. संकेताला नियम म्हणून छापणं ही लहान चूक नाही.

मुदतीबद्दलही तसंच. तक्त्याच्या डोक्यावर ‘२३ नोव्हेंबर २०२४ पासून पाच वर्षे’ आहे. विधानसभेची पाच वर्षं मोजतात ती पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून, निकालापासून नाही. या सभागृहाचं पहिलं अधिवेशन ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालं.

परिषदेची पट्टी सर्वांत कमकुवत. ७८ जागांचं वाटप बरोबर दिलंय: विधानसभेच्या आमदारांकडून ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांकडून २२, पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपालनियुक्त १२. त्याखालची नावं मात्र गडबडलेली आहेत. परिषदेचे पाच सदस्य २०२४ ला विधानसभेवर निवडून गेले: गोपीचंद पडळकर (जत), प्रवीण दटके (नागपूर मध्य), रमेश कराड (लातूर ग्रामीण), आमश्या पाडवी (अक्कलकुवा), राजेश विटेकर (पाथरी). तक्त्यात ही पाचही नावं दोन्हीकडे आहेत. एक माणूस दोन सभागृहांत बसू शकत नाही. त्या पाच जागा मार्च २०२५ मध्ये बिनविरोध भरल्या गेल्या, भाजप ३, शिवसेना १, राष्ट्रवादी १, म्हणजे नावं बदलली पण पक्षांचं गणित तेच राहिलं. राज्यपालनियुक्त बाराही जागा भरलेल्या रंगवल्या आहेत, तेही खरं नाही: ऑक्टोबर २०२४ मध्ये शपथ झाली ती सात जणांची, पाच जागा रिकाम्याच होत्या. ठाण्याची स्थानिक स्वराज्य संस्थांची जागाही जून २०२२ पासून रिक्त होती, कारण ज्यांनी मतदान करायचं ते नगरसेवकच नव्हते; ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांवर प्रशासक होते. तक्त्यात मात्र तिथे जुनंच नाव आहे. रिकाम्या खुर्चीसाठी पांढरा रंग ठेवला असता तर भागलं असतं.

हा भाग ठाणेकरांनी मनावर घ्यावा असं वाटतं. आमदार म्हटलं की एकच नाव डोळ्यांपुढे येतं, पण इथल्या पदवीधराला परिषदेतही प्रतिनिधी असतो. कोकण पदवीधर मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येतात, मुंबई येत नाही. जून २०२४ च्या निवडणुकीत तिथून भाजपचे निरंजन डावखरे निवडून आले. कोकण शिक्षक मतदारसंघातून जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत भाजपचेच ज्ञानेश्वर म्हात्रे. मुदत सहा वर्षांची. विधानसभेच्या यादीत नाव असलं म्हणून इथे मत देता येत नाही. पदवीधरासाठी नमुना १८, शिक्षकासाठी नमुना १९ भरावा लागतो, पदवी मिळून अर्हता दिनांकाला, म्हणजे १ नोव्हेंबरला, तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी मत दिलेल्यांचीही नावं गळतात ती यामुळेच. तक्त्यात यातलं काही नाही. असतं तर परिषदेची पट्टी नुसती शोभेची राहिली नसती.

जागा रिक्त झाली की काय करायचं हेही तक्ता सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यायची असते, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर अपवाद. मागच्या सभागृहात भाजप १०५ वरून सुरू झाला. २०२१ ला पंढरपूर राष्ट्रवादीकडून त्यांच्याकडे आलं आणि २०२३ ला कसबा पेठ त्यांच्याकडून काँग्रेसकडे गेलं. २०१९ चा तक्ता तसाच लटकत ठेवलेल्या कार्यालयांत या दोन्ही जागा शेवटपर्यंत जुन्याच रंगात होत्या. म्हणून लॅमिनेटेड प्रतीवर बदल नोंदवत जावं. व्हाइटबोर्डचा मार्कर हात लागला की पुसला जातो. सीडीवर लिहायचा मार्कर टिकतो आणि खोडायचा झाला तर कापसाला थोडं स्पिरिट लावून निघतो. रंगीत गोल चिकट्या लावल्या तर शेजारी पोटनिवडणुकीची तारीखही लिहावी. जुनं नाव झाकू नये, एक रेघ मारून वाचता येईल असं ठेवावं, कारण २०२४ चा निकाल आणि आजचं संख्याबळ हे दोन्ही लागतात.

कागद आणि छपाई ठीक आहे. साध्या प्रतीच्या घड्या नेमक्या मराठवाड्याच्या रकान्यावर पडतात आणि काही महिन्यांत तिथली अक्षरं उडतात. लॅमिनेटेड प्रतीच्या कडा आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून सुटतात. पट्टीखालची कड आधीच पारदर्शक चिकटपट्टीने बंद करावी आणि बाहेरच्या भिंतीवर तक्ता टांगू नये. रंगांची निवड मात्र पुन्हा विचार करण्यासारखी आहे. भाजपचा केशरी आणि शिवसेनेचा भगवा जवळजवळ असल्यामुळे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये १३२ आणि ५७ एकच होऊन बसतात. अभ्यासिकांतून झेरॉक्सच फिरते. झेरॉक्सला देण्यापूर्वी मतदारसंघाच्या चौकोनात पक्षाचं आद्याक्षर काळ्या पेनाने लिहून घ्यावं. ठाणे जिल्ह्यापुरतं करायला दहा मिनिटं पुरतात.

घ्यायचाच तर साडेतीनशेचा घ्यावा, कारण दुरुस्त्या केल्याशिवाय हा तक्ता वापरता येणार नाही आणि साध्या कागदावर त्या टिकत नाहीत. पैसे देण्याआधी दुकानदाराकडून गुंडाळी उलगडून घ्यावी आणि तळाचा छपाईचा महिना, कल्याण पूर्वचं नाव आणि परिषदेतली ती पाच नावं बघावीत. मार्च २०२५ नंतरची छपाई हाती लागली आणि तिच्यात या तिन्ही गोष्टी दुरुस्त असतील, तर आघाडीच्या बेरजेवर कागदाची पट्टी चिकटवून बाकीचा तक्ता आहे तसा वापरता येईल.